सुरुवातीच्या दोन रेघा: दुसऱ्या मशीनवरच्या फाइलचा पत्ता आणि सी भाषा



आजचा विषय ऐकून काहीजण रेडिओ बंद करतील, याची मला कल्पना आहे. विषय आहे फाइलचा पत्ता. म्हणजे एखादी फाइल कॉम्प्युटरवर कुठे ठेवली आहे हे सांगणारी ती लांबलचक ओळ, मध्ये मध्ये तिरक्या रेघा असलेली. त्यातही नेटवर्कवरच्या, म्हणजे दुसऱ्याच मशीनवर ठेवलेल्या फाइलचा पत्ता, आणि सी भाषेत लिहिलेले प्रोग्रॅम तो कसा वाचतात, ही भानगड.

तरीही वीस मिनिटं थांबा. या रेघांपैकी एक रेघ मी स्वतः पुसली होती, आणि तिच्यापायी आमच्या घरातला आईचा आवाज गेला. सगळा नाही, पण बराचसा. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी आत्ता आई-बाबा सहा महिन्यांसाठी आलेले असतील. त्यांच्या गोष्टी तुम्ही फोनवर रेकॉर्ड करत असाल आणि "बॅकअप आहे" म्हणून निश्चिंत असाल. मीही होतो.

ज्यांना ऐकताना रेघा मोजता येणार नाहीत त्यांच्यासाठी ही संहिता नेहमीप्रमाणे संग्रहात ठेवली आहे. आज ती डोळ्यांसमोर असलेली बरी.

काय झालं

आई कऱ्हाडची. इथे आली की आपल्या या कार्यक्रमासाठी मी तिच्याशी गप्पा रेकॉर्ड करायचो. अशा चार बैठका झाल्या. एक लहानपणाची, एक लग्नाची, एक नोकरीची आणि एक ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेची, कोयनेच्या भूकंपाची. या शेवटच्या बैठकीतली बारा मिनिटं आपण प्रसारित केली होती, काहींना आठवत असेल. मूळ रेकॉर्डिंग दीड तासाचं होतं.

हे सगळं माझ्या विंडोज लॅपटॉपवर होतं. घरात एक नॅस आहे, म्हणजे नेटवर्कला जोडलेला हार्ड डिस्कचा डबा. त्याचं नाव मी हौसेनं "माजघर" ठेवलं होतं. दर रविवारी रात्री लॅपटॉपवरच्या ध्वनिफिती माजघरात कॉपी करणारा एक छोटा प्रोग्रॅम मी सी भाषेत लिहिला. बाजारात तयार प्रोग्रॅम डझनाने मिळतात, पण वीस वर्षं दुसऱ्यांचे प्रोग्रॅम तपासून पोट भरणाऱ्या माणसाला स्वतःचं काहीतरी लिहायची खाज असतेच.

दर सोमवारी सकाळी प्रोग्रॅमची नोंद बघायचो: "सर्व फाइल्स कॉपी झाल्या." एकदा फोल्डर उघडूनही पाहिलं. माजघर, त्यात ध्वनी, त्यात कऱ्हाड. सगळं जागच्या जागी.

मग एके दिवशी लॅपटॉपची डिस्क गेली. मी शांत होतो. नॅस उघडला, तर ध्वनी नावाचं फोल्डर पूर्ण रिकामं. त्यात कधीच काही गेलं नव्हतं. मी जे "माजघर" उघडून पाहिलं होतं ते लॅपटॉपच्याच सी ड्राइव्हवर होतं. मूळ आणि प्रत दोन्ही एकाच डिस्कवर, आणि ती डिस्क मेलेली.

हे का झालं, ते समजायला पत्ता म्हणजे काय ते आधी पाहू.

घरातला पत्ता आणि शेजारचा पत्ता

समजा तुम्ही घरातल्या माणसाला सांगता, "माजघर, फडताळ, वरचा कप्पा, लाडवांचा डबा." कुणाचं घर ते तुम्ही सांगत नाही. आपलंच, हे गृहीत आहे. पण डबा शेजारच्या काकूंकडे असेल तर सुरुवात वेगळी करावी लागते: "काकूंच्या घरी जा, मग माजघर, फडताळ, वरचा कप्पा."

कॉम्प्युटरलाही हा फरक कळावा लागतो. आणि तो पत्त्याच्या अगदी सुरुवातीला कळावा लागतो, कारण तिथूनच ठरतं की आपली डिस्क उघडायची की तार ओलांडून दुसऱ्या मशीनचं दार वाजवायचं.

युनिक्समध्ये साधा पत्ता एका स्लॅशने सुरू होतो. असा:

/माजघर/ध्वनी/कऱ्हाड

सुरुवातीची ती एक रेघ म्हणजे "आपल्या घराच्या उंबऱ्यापासून". विंडोजवर हीच रेघ म्हणजे "सध्याच्या ड्राइव्हच्या मुळापासून", बहुधा सी ड्राइव्हच्या. आता हे पाहा:

//माजघर/ध्वनी/कऱ्हाड

सुरुवातीला दोन रेघा. म्हणजे "माजघर" हे फोल्डर नाही, ते दुसऱ्या मशीनचं नाव आहे. त्या मशीनवर "ध्वनी" नावाची, सगळ्यांसाठी उघडी ठेवलेली जागा आहे, आणि तिच्यात "कऱ्हाड". विंडोजच्या जगात या पद्धतीला यूएनसी म्हणतात. तिथे रीतसर लिहिताना रेघा उलट्या, मागे झुकलेल्या असतात: \\माजघर\ध्वनी\कऱ्हाड. पण सी प्रोग्रॅममधून सरळ स्लॅश दिले तरी विंडोज ते समजून घेतं.

माझ्या प्रोग्रॅममध्ये पत्ता नीटनेटका करणारं एक फंक्शन होतं. पत्ते जोडताना मध्ये चुकून दोन-दोन स्लॅश येतात, तर जिथे एकाहून जास्त स्लॅश लागोपाठ दिसतील तिथे एकच ठेवायचा. चार ओळींचं, बिनचूक वाटणारं काम. त्याने सुरुवातीच्या दोन रेघांचीही एक केली. "काकूंच्या घरी" हे शब्द खोडले गेले आणि उरलं नुसतं "माजघर, ध्वनी, कऱ्हाड".

दुसरी चूक त्याहून वाईट. पत्त्यावर फोल्डर नसेल तर प्रोग्रॅमने थांबून तक्रार करायला हवी होती. मी सोय म्हणून लिहून ठेवलं होतं की फोल्डर नसेल तर तयार कर. त्याने सी ड्राइव्हवर इमानेइतबारे माजघर बांधलं आणि दर रविवारी त्यात माल भरला. नोंद खोटी नव्हती. फाइल्स खरोखरच कॉपी झाल्या होत्या.

होज लेनवरचा नियम

आता मजा अशी की मी जो नियम मोडला त्याचा आपल्या गावाशी संबंध आहे.

होज लेनवरून जाताना आय-ट्रिपल-ईची इमारत तुम्ही पाहिली असेल. विद्युत आणि इलेक्ट्रॉनिक्स अभियंत्यांच्या या जगभरच्या संस्थेचं कामकाज केंद्र इथे पिस्कॅटवेत आहे, आणि तांत्रिक मानकं प्रसिद्ध करणारा तिचा विभागही इथलाच. घरच्या वायफायचं ८०२.११ हे मानक याच संस्थेचं. तसंच आणखी एक, १००३.१ क्रमांकाचं. त्याला पॉसिक्स म्हणतात.

पॉसिक्स १९८८ साली पहिल्यांदा मंजूर झालं. तोवर युनिक्सचे इतके अवतार झाले होते की एकावर चालणारा सी प्रोग्रॅम दुसऱ्यावर चालेल याची खात्री नसे. युनिक्स आणि सी ही दोन्ही लेकरं आपल्या न्यू जर्सीचीच. इथून अर्ध्या तासावर मरे हिलला बेल लॅब्समध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी १९६९ पासून युनिक्स उभं केलं, आणि सी भाषा रिचींनी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला घडवली. पण मुलं मोठी होऊन घरोघरी गेली की प्रत्येक घरच्या चालीरीती वेगळ्या होतात. सगळ्यांना मान्य होईल असा किमान शिष्टाचार लिहून काढणं, हे पॉसिक्सचं काम.

पत्त्याबद्दल त्यात एक बारकासा नियम आहे. माझ्या शब्दांत सांगतो:

मध्ये कितीही स्लॅश लागोपाठ आले तरी ते एकच समजा. सुरुवातीला तीन किंवा जास्त स्लॅश असतील तरी एकच समजा. पण सुरुवातीला नेमके दोनच असतील, तर त्यांचा अर्थ काय लावायचा ते ती ती प्रणाली ठरवेल.

एक चालतो, तीनही चालतात, मग दोनाचंच काय एवढं? पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हा नियम पंचांगातल्या अपवादासारखा वाटला होता. पण त्यामागे खरीखुरी भांडणं आहेत.

तीन बिऱ्हाडांच्या तीन रीती

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला कॉम्प्युटर एकमेकांना जोडले जाऊ लागले, आणि दुसऱ्याच्या फाइलला पत्ता कसा द्यायचा हा प्रश्न आला. तीन उत्तरं निघाली.

पहिलं इंग्लंडमधल्या न्यूकॅसल विद्यापीठाचं, १९८२ सालचं, "न्यूकॅसल कनेक्शन" या नावाचं. युनिक्समध्ये दोन टिंबं म्हणजे "एक पायरी वर". त्यांनी म्हटलं, आपल्या घराच्या मुळाच्याही वर जाता येतं असं समजा. उंबऱ्याबाहेर पडायचं आणि मग शेजारच्या मशीनचं नाव घ्यायचं. कल्पना सुंदर, पण ती फार रुजली नाही.

दुसरं उत्तर सन कंपनीच्या एनएफएसचं, १९८४ चं. शेजारचं घर दाखवायचंच नाही. त्याचं माजघर आपल्याच घरात एका दाराआड "माउंट" करायचं. पत्ता आपल्या घरातलाच दिसतो, दार उघडलं की शेजारी. लिनक्सवर आजही हीच पद्धत नित्याची. म्हणूनच लिनक्सचा गाभा सुरुवातीच्या दोन स्लॅशना काही वेगळा मान देत नाही, एकच समजतो.

तिसरं उत्तर मॅसॅच्युसेट्समधल्या अपोलो कंपनीच्या वर्कस्टेशन्सचं. दोन स्लॅश, मग मशीनचं नाव, मग नेहमीचा पत्ता. ही कंपनी १९८९ मध्ये एचपीने घेतली आणि नाव पुसलं गेलं. तिच्या त्या दोन रेघा मात्र तुम्ही रोज पाहता. टिम बर्नर्स-ली वेबचे पत्ते ठरवत होते, तेव्हा मशीनचं नाव कुठे सुरू होतं ते दाखवायला खूण हवी होती. ती आपण अपोलोवरून घेतली, असं त्यांनीच सांगितलंय. एचटीटीपीएस, कोलन, आणि मग दोन स्लॅश येतात ते तिथून. पुढे २००९ मध्ये त्यांनी हसत हसत कबूलही केलं की त्या दोन रेघांची तशी काही गरज नव्हती.

अशा घरोघरच्या रीती असताना पॉसिक्सने शहाणपणा केला. ज्यांच्याकडे दोन रेघांना अर्थ आहे त्यांचा अर्थ मोडायचा नाही, ज्यांच्याकडे नाही त्यांच्यावर तो लादायचा नाही.

म्हणून सी लायब्ररी लिहिणारे इथे जपून पाऊल टाकतात. पत्त्यातून फाइलचं नाव काढून फोल्डर तेवढं उरवणारं "डर-नेम" नावाचं फंक्शन आहे. लिनक्सवरच्या जी-लिब-सी लायब्ररीत त्याच्यासाठी खास अपवाद लिहिलाय: सुरुवातीला नेमके दोनच स्लॅश असतील तर ते तसेच परत द्यायचे. लिनक्सच्या गाभ्याला काही फरक पडत नसूनही! घरी लिनक्स असेल तर एक गंमत करा. बॅशमध्ये "सीडी", मग दोन स्लॅश, आणि मग "पीडब्ल्यूडी" टाईप करा. उत्तर दोन स्लॅश येईल. तीन देऊन पाहा, एकच येईल. होज लेनचा नियम तुमच्या पडद्यावर.

(छोटा विराम – संगीत)

उलटी चूक

रेघ पुसण्याचा जसा तोटा, तसाच नको तिथे रेघ वाढण्याचाही.

सायग्विन नावाची एक प्रणाली आहे, विंडोजवर युनिक्सचे प्रोग्रॅम चालवणारी. तिथे दोन स्लॅश म्हणजे खरोखर दुसरं मशीन. आता एखाद्या सी प्रोग्रॅमरने दोन तुकडे जोडले: पहिला तुकडा नुसता "/" आणि दुसरा "/दिवाणखाना". झालं "//दिवाणखाना". लिनक्सवर हे वर्षानुवर्षं सुखाने चालतं. तोच प्रोग्रॅम सायग्विनवर नेला की तो "दिवाणखाना" नावाचं मशीन नेटवर्कभर शोधत बसतो, आणि पडदा गोठतो. वापरणाऱ्याला वाटतं कॉम्प्युटर जुना झाला.

तेव्हा पत्ता साफ करणारं फंक्शन लिहायचं तर हिशोब असा. आधी सुरुवातीचे स्लॅश मोजा. नेमके दोन असतील तर दोन ठेवा, तीन किंवा जास्त असतील तर एक. मग पुढच्या भागातल्या लागोपाठच्या रेघा खुशाल एक करा. पत्ते जोडताना पहिल्या तुकड्याच्या शेवटी रेघ आहे का ते पाहूनच दुसरा चिकटवा. आणि यूएनसी पत्त्यात दोन टिंबांनी कितीही वर चढलात तरी मशीनचं नाव आणि उघडी जागा यांच्या वर जायचं नाही. काकूंचं घर हा तिथला उंबरठा. ही जपणूक जी-लिबसारख्या लायब्ररीत आधीच केलेली आहे. माझ्या चार ओळींपेक्षा ती वापरणं शहाणपणाचं होतं.

नाशिक, ठाणे आणि अमरावती

आता त्या उलट्या रेघेकडे, बॅकस्लॅशकडे.

सीमध्ये बॅकस्लॅश हे पूर्वीपासून "पुढचं अक्षर नेहमीचं नाही" असं सांगणारं चिन्ह. बॅकस्लॅश एन म्हणजे नवी ओळ, बॅकस्लॅश टी म्हणजे टॅब. इकडे डॉसच्या पहिल्या आवृत्तीत फोल्डरच नव्हते, आणि सरळ स्लॅश आज्ञांच्या पर्यायांसाठी वापरून झाला होता. १९८३ मध्ये डॉस २.० मध्ये फोल्डर आले तेव्हा मोकळा उरलेला बॅकस्लॅश घ्यावा लागला. एकाच चिन्हाला दोन मालक झाले.

परिणाम काय? समजा नॅसवर जिल्ह्यांच्या नावाने फोल्डर आहेत, इंग्रजी स्पेलिंगमध्ये, आणि तुम्ही सी प्रोग्रॅममध्ये पत्ता जसाच्या तसा लिहिलात. बॅकस्लॅशनंतर नाशिक आलं की त्यातला "एन" गिळला जातो, नवी ओळ सुरू होते आणि उरतं "आशिक". ठाण्याचा "टी" टॅब होतो आणि उरतं "हाणे". रत्नागिरीचा "आर" कर्सरला ओळीच्या सुरुवातीला नेतो. बीडचा "बी" बॅकस्पेस होतो. आणि अमरावतीची तर घंटाच वाजते, कारण बॅकस्लॅश ए म्हणजे सीमध्ये टर्मिनलची घंटा! पुणे आणि कोल्हापूर? "पी" आणि "के" ना असा काही अर्थ नाही. कम्पायलर बहुधा नुसती सूचना देतो आणि रेघ टाकून देतो. म्हणजे पुण्याची रेघ गुपचूप जाते, अमरावतीची बोंब मारून.

शिवाय सुरुवातीचे दोन बॅकस्लॅश सीला एकच वाटतात, कारण "मला खरोखर बॅकस्लॅशच हवाय" हे सांगायला तो दोनदा लिहायचा असतो. दोन हवे असतील तर चार लिहा, आणि मधल्या प्रत्येकाला दोन. ही मोजदाद करण्यापेक्षा सीमध्ये सरळ स्लॅश लिहिणं किंवा पत्ता वेगळ्या फाइलीतून वाचणं सोपं. वाचून घेतलेल्या मजकुराला हा नियम लागत नाही, तो फक्त प्रोग्रॅमच्या मजकुरात लिहिलेल्या अक्षरांसाठी आहे.

तीन रेघा कुठून आल्या

ब्राउझरमध्ये घरातलीच फाइल उघडलीत तर पत्ता "फाइल", कोलन आणि पुढे तीन स्लॅश असा दिसतो. तिसरी रेघ टायपिंगची चूक नाही. पहिल्या दोन रेघांनंतर मशीनचं नाव येतं. आपलंच मशीन असलं की ते नाव रिकामं सोडतात, आणि लगेच तिसऱ्या रेघेने घरातला पत्ता सुरू होतो. नॅसवरची फाइल असेल तर दोन रेघांमागोमाग "माजघर" येईल. पुढच्या वेळी मुलांना विचारा, बघू ओळखतात का.

कऱ्हाड सापडेना

आता गोष्टीचा उरलेला भाग.

डिस्क गेल्यावर आठवलं की काही बैठकांचं संपादन मी जुन्या मॅकवर केलं होतं, आणि तिच्या दोन-तीन बाहेरच्या डिस्क कपाटात आहेत. त्या मॅकच्या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेल्या. पुन्हा प्रोग्रॅमरची खोड: मॅकवर छोटा सी प्रोग्रॅम लिहिला, सगळ्या डिस्कवरच्या फोल्डरांची नावं एकेक वाचायची आणि "कऱ्हाड"शी ताडून पाहायची. प्रोग्रॅम म्हणाला, असं फोल्डर नाही. आठवडाभर मी समजून चाललो की सगळं गेलं.

मुलगा म्हणाला, "बाबा, मी नुसतं बघू का?" वीस मिनिटांत त्याने बोट ठेवलं. "हे काय आहे? कऱ्हाडच ना?"

तेच होतं. डोळ्यांना तेच. सीला मात्र वेगळं.

कऱ्हाडमधला तो अर्धा र, ज्याच्याशिवाय आपली दरी दऱ्या होत नाही आणि सुरी सुऱ्या होत नाही, तो कॉम्प्युटरमध्ये कमीतकमी तीन प्रकारे लिहिता येतो. एक, युनिकोडमध्ये त्याच्यासाठी "ऱ" हे स्वतंत्र अक्षर आहे. दोन, साधा र आणि त्याखाली नुक्त्याचं टिंब, अशी दोन चिन्हं. तीन, र, हलंत आणि डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह. पडद्यावर तिन्ही सारखी दिसतात. आतले बाइट वेगळे.

मी विंडोजच्या कीबोर्डवर पहिला प्रकार टाईप केला होता. मॅकची जुनी पद्धत नावं साठवताना अशा अक्षरांचे सुटे भाग करते, म्हणजे दुसरा प्रकार. आणि सीचं "स्ट्र-कम्प" हे तुलनेचं फंक्शन बाइट बघतं, मराठी बघत नाही. त्याला दोन्ही कऱ्हाड परकी.

पहिल्या दोन प्रकारांवरचा उपाय म्हणजे तुलना करण्याआधी दोन्ही नावं एकाच रूपात आणणं. युनिकोडने त्याचे नियम ठरवून दिलेत, आणि आयसीयूसारख्या लायब्ररी ते काम करतात. तिसरा प्रकार मात्र या नियमांत बसत नाही. युनिकोडच्या लेखी तो वेगळाच शब्द आहे. तिथे आपली आपण खास सोय करावी लागते.

आणि लांबीचंही लक्षात ठेवा. लिनक्सवर एका नावाला साधारण २५५ बाइटची मर्यादा असते. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन, आणि काना, मात्रा, हलंत हे प्रत्येकी वेगळं चिन्ह. म्हणजे ८५ चिन्हांत खेळ संपला. "आईच्या आठवणी" पासून सुरू करून पूर्ण वाक्य फाइलचं नाव म्हणून देणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. मी त्यातलाच.

त्या डिस्कवर लहानपणाची आणि लग्नाची बैठक पूर्ण सापडली. नोकरीची आणि भूकंपाची नाही. भूकंपाची ती प्रसारित झालेली बारा मिनिटं तेवढी आहेत, कार्यक्रमाच्या संग्रहात होती म्हणून. आपण कापलेल्या भागात आई आळीतल्या घरांची नावं एकेक करून घेत होती, कोण कुठे धावलं, कुणाचं बाळ कुणाच्या कडेवर होतं. तेव्हा मला तो भाग लांबला असं वाटलं होतं. आई आता पंच्याऐंशीची आहे. मी पुन्हा विचारून पाहिलं. पहाट तिला आठवते, थंडी आठवते. नावं आठवत नाहीत.

तुमच्यासाठी चार गोष्टी

सी न लिहिणाऱ्यांनी एवढं करा.

एक. बॅकअप घेतला त्याच मशीनवरून तो तपासू नका. दुसऱ्या लॅपटॉपवरून किंवा फोनवरून नॅस उघडा आणि एक फाइल प्रत्यक्ष वाजवून ऐका. मी एवढंच केलं असतं तर हा भाग आज झाला नसता.

दोन. विंडोजवर नॅसला झेड किंवा वाय असं ड्राइव्हचं अक्षर दिलं असेल, तर ते त्या वेळी लॉगिन केलेल्या माणसापुरतं असतं. रात्री आपोआप चालणाऱ्या कामाला ते अक्षर दिसेलच असं नाही. अशा कामात पूर्ण पत्ता द्या, दोन्ही सुरुवातीच्या रेघांसकट.

तीन. बॅकअपच्या जागी आधीच एक ओळखीची फाइल ठेवा, नाव काहीही, "उंबरठा" म्हणा. प्रोग्रॅमने आधी ती शोधावी, सापडली तरच कॉपी करावं, नाहीतर आरडाओरडा करावा. जागा नसेल तर गुपचूप नवी बांधणारा नोकर ठेवू नका.

चार. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर. बहिणीकडे पुण्याला पेन ड्राइव्ह पाठवलात तरी चालेल.

एमबीएच्या वर्गात आम्हाला नियंत्रणं शिकवली होती. प्रक्रिया चालल्याचा पुरावा वेगळा आणि काम झाल्याचा पुरावा वेगळा, हे मी पाहण्याच्या टेबलाशी बसून लोकांना सांगतो आणि त्याचे पैसे घेतो. घरी मात्र दर सोमवारी "सर्व फाइल्स कॉपी झाल्या" वाचून चहा प्यायचो.

तेव्हा आज घरी गेल्यावर एक काम. आई-बाबांचं, आजी-आजोबांचं जे काही रेकॉर्डिंग असेल, त्याची दुसरी प्रत नेमकी कोणाच्या घरात आहे ते शोधा. पत्त्याच्या सुरुवातीच्या रेघा मोजा. आणि अजून रेकॉर्ड केलंच नसेल, तर या शनिवारी करा. लांबलं तरी कापू नका.